इतक्यात नाही

मोरेश्वर गेल्याचं मला कडावच्या दूध डेअरीवर कळलं. घरच्या म्हशीचं दूध घालायला मी गेलो होतो. कॅन पुढे सरकवला तसा माप घेणारा म्हणाला, "गुरुजी, दहिवलीचे घरत सर गेले म्हणं." मराठी शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याची शब्दांची खोड अशा वेळीसुद्धा सुटत नाही. त्या 'म्हणं'ला धरून मी क्षणभर लटकलो. म्हणं म्हणजे ऐकीव, ऐकीव म्हणजे कदाचित चुकीचं... मग खिशातला फोन वाजला आणि तेवढाही आधार राहिला नाही. कॅन तिथंच ठेवून मी मिळेल त्या टेंपोत बसलो. दहिवलीला पोचेपर्यंत डोक्यात एकच होतं, सुमनवहिनींसमोर काय बोलायचं. मोरेश्वरच्या आजाराबद्दल एक गोष्ट मला माहीत होती आणि त्याच्या बायकोला माहीत नव्हती, निदान त्यानं मला तसं सांगितलं होतं. आता ती सांगूनही उपयोग नव्हता आणि लपवूनही.

खालापूरकडच्या एका शाळेत मोरेश्वर आणि मी एकाच वर्षी लागलो. मी मराठीला, तो इंग्रजीला. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यामुळे भांडायला कुठं जावं लागत नसे. तो भाताच्या खाचरातून आलेला. वडील पहाटे नांगर धरत आणि हा बांधावर बसून इंग्रजी शब्द पाठ करी. घरात कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्याच्या चुकाही कुणी काढल्या नाहीत, असं तोच हसून सांगायचा. पुढे त्याचं इंग्रजी उत्तम झालं, पण ते बोलायला समोर माणूस नसायचा. शाळेत साहेब तपासणीला आले की मोरेश्वरचा चेहरा उजळायचा. बाकी आम्ही सगळे घाबरलेले, आणि हा एकटा पुढे होऊन त्यांच्याशी इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारणार. "तुला साहेब नको असतात, कान हवे असतात," मी म्हणायचो. तो ते नाकारत नसे.

नोकरीत असतानाच त्यानं दहिवलीच्या घरातल्या पुढच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग सुरू केला. इंग्रजी बोलायला शिकवायचा. माथेरानच्या हॉटेलांत नोकरी शोधणारी मुलं, रसायनीच्या कारखान्यांत चिकटू पाहणारी मुलं, नर्सिंगला जाणाऱ्या मुली, असे सगळे यायचे. इतर क्लासवाले शब्द पाठ करून घेत. मोरेश्वरचा सगळा भर जोरावर. वाक्यात जोर कसा आणायचा, हे त्याचं वेड होतं. आमच्या बाजूला बांधावरून बांधावर बोलायची सवय. जोर द्यायचा म्हटलं की आवाज चढतो, नाहीतर शब्द ताणला जातो. जवळचं 'लांब' आणि दूरचं 'लांऽऽब'. हीच सवय घेऊन मुलगा मुलाखतीला जातो आणि समोरच्या साहेबाला वाटतं, हा भांडायला आलाय. मोरेश्वर म्हणायचा, "आपण आवाज चढवतो. इंग्रजी माणूस आवाज तिथंच ठेवतो आणि वाक्याला दोन-तीन शब्द जोडतो. नुसतं 'आय डोन्ट नो' म्हटलं की माहीत नाही. 'आय डोन्ट नो ॲट ऑल' म्हटलं की मला विचारूसुद्धा नकोस. आवाज तेवढाच. पण माणूस हलतो."

ॲट ऑल, इन द लीस्ट, विदाऊट फेल, बाय फार, ऑन अर्थ... असे शब्दांचे पुंजके तो गोळा करायचा. सगळा वर्ग एका सुरात ते म्हणायचा. आतून फोडणीचा आवाज आला की म्हणायचा, हे बघा, फोडणी नाही दिली तरी वरण वरणच राहतं, पण खाणाऱ्याला कळतं. मी मुद्दाम खोड काढायचो. "व्हॉट ऑन अर्थ आर यू डूइंग? अरे, पृथ्वीवर नाही तर कुठं करणार?" तो चिडायचा. मी म्हणायचो, आमच्या मराठीत 'मुळीच' आहे, 'अजिबात' आहे, 'पार' आहे, 'साफ' आहे, शिवाय नुसत्या 'च'वर आम्ही माणसाला आडवा करतो. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "आहेत रं. पण आपण ते भांडणापुरते ठेवलेत. दुखतंय किती, हवंय किती, हे सांगायची वेळ आली की आपला माणूस म्हणतो, हाय बरं. मरायला टेकलेला असला तरी हाय बरं." हे मात्र खरं होतं. माझे वडील असेच गेले. त्याचेही.

वर्गाच्या गमतीही खूप. रसायनीला लागलेल्या एकाला पहिल्याच आठवड्यात वरिष्ठानं विचारलं, झडप बंद केलीस का. त्यानं उत्तर दिलं, "येस सर, विदाऊट फेल, बाय ऑल मीन्स, ॲट ऑल." त्या माणसानं स्वतः जाऊन झडप तपासली. खालापूरची शाहीन नावाची मुलगी मात्र माथेरानला हॉटेलात मुलाखतीला गेली, आणि सुट्टीच्या दिवशी काम करायला हरकत आहे का, असं विचारल्यावर शांतपणे "नॉट इन द लीस्ट, सर" म्हणाली आणि जागा मिळवून आली. पेढे घेऊन आली तेव्हा मोरेश्वर तिला तीनतीनदा विचारत होता, आवाज चढवला नाहीस ना? ती म्हणाली, "नाय सर, उलट जरा खालीच ठेवला." त्या दिवशी तो किती खूश होता, हे मी विसरणार नाही. पुढे अशा शाहीन कमी होत गेल्या. मुलांच्या हातात फोन आले, फोनमध्ये फुकटचं इंग्रजी आलं, वर्गातली बाकडी रिकामी पडू लागली. शेवटी शेवटी तर दोघं-तिघंच यायचे, तेही एक कान गळ्यातल्या इयरफोनला देऊन. मोरेश्वर त्यांनाही तेवढ्याच तळमळीनं शिकवायचा. मला ते बघवत नसे. आपण जे जन्मभर जमवलं ते कुणालाच नको आहे, हे कळूनही माणूस रोज फळा पुसतो, हे बघायला कठीण असतं.

गेल्या होळीच्या सुमाराला त्याचं पोट दुखायला लागलं. सगळ्यांना सांगताना 'जरा' दुखतंय. महिनाभर घरचे उपाय झाले, कर्जतच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, अंगावर पिवळेपणा दिसायला लागला तेव्हा पनवेलच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. मोरेश्वर आणि वहिनींना मूल नाही. रिपोर्ट घ्यायला दोघंच गेली. मला कळवलंसुद्धा नाही, साधं काहीतरी असेल म्हणून. तिथं जे घडलं ते त्यानं मला चार दिवसांनी सांगितलं. आम्ही उल्हास नदीच्या काठानं चालत होतो. चालणं कसलं, तो पावलागणिक थांबत होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांना मराठी येत असणार, कारण बाहेर नर्सशी ते मराठीत बोलत होते. पण मोरेश्वरनं आत शिरताच सवयीनं इंग्रजीत सुरुवात केली. "गुड मॉर्निंग डॉक्टर, आय होप वी आर नॉट टू अर्ली." मग डॉक्टरही इंग्रजीतच बोलू लागले. कदाचित त्यांना बरंच वाटलं असेल. अशा गोष्टी परक्या भाषेत सांगायला सोप्या जातात. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. आणि मग मोरेश्वरनं विचारलं, ऑपरेशनचं काय. वहिनी शेजारी बसल्या होत्या, मांडीवर रिपोर्टची पिशवी धरून.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"सर्जरी विल नॉट हेल्प ॲट ऑल," मोरेश्वर म्हणाला. मग थोडा वेळ नदीकडे बघत राहिला. "वाक्य फार चांगलं बोलला रं तो. ॲट ऑल बरोबर शेवटी, जिथं हवं तिथं. आवाज जरासुद्धा चढवला नाही. मी पोरांना आयुष्यभर हेच सांगत आलो, आणि असं स्वच्छ वाक्य मला स्वतःला..." हा माणूस स्वतःच्या मरणाच्या वाक्याला मार्क देत होता.

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आणि मोरेश्वर म्हणाला, "ऑपरेशनचा इतक्यात उपयोग नाही म्हणतात. गोळ्या दिल्यात." वहिनी "बरं" म्हणाल्या. पिशवी खांद्याला लावली आणि विचारलं, चहा घेणार का.

"अजिबातचं इतक्यात केलंस," मी म्हणालो.

"मग काय करू? अजिबात म्हटलं असतं तर ती तिथंच पायरीवर बसली असती. इतक्यात म्हटलं की माणूस थांबायला तयार होतो. तिला कुठं इंग्रजी येतं? एक शब्द कळला नाही तिला, देवाची कृपा. तू पण बोलू नको."

मी बोललो नाही. त्याचं गुपित होतं, त्याची बायको होती आणि मरणही त्याचंच होतं. मला त्यात बोलायचा अधिकार नव्हता असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्यानंतरचे महिने त्या घरात जाणं म्हणजे शिक्षा होती. वहिनींनी पुढची खोली रंगवून घेतली. गेली कित्येक वर्षं ती तशीच होती, आणि आता पिस्ता रंग. "दिवाळीनंतर नवीन मुलं येतील ना, तर खोली जरा बरी दिसली पायजे," त्या मला म्हणाल्या. मोरेश्वर खाटेवर पडल्या पडल्या रंगाऱ्याला सूचना देत होता. एकदा त्याच्यासमोरच वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, पावसाळा सरला की ऑपरेशन करतील, नाय का? तवर अंगात ताकद पण येईल यांच्या." मोरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, तेव्हा बघू. वहिनी समाधानानं मान हलवून आत गेल्या आणि मोरेश्वर हळू आवाजात म्हणाला, "बघ, केवढी आशा धरून बसलीय बिचारी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पंख्याकडे बघत बसलो.

आजार वाढत गेला तसे त्याचे शब्द कमी झाले. पण जोराचे शब्द मात्र वाढले. वहिनी विचारायच्या, दुखतंय का? तो म्हणायचा, "नाय गं, अजिबात नाय." झोप लागली का? "एकदम मस्त." भूक नाही का? "आहे की, भरपूर." जो माणूस जन्मभर सांगत होता की आपल्या लोकांना आपलं दुखणं जोर देऊन सांगता येत नाही, तो आता दुखणं नसल्याचं जोर देऊन सांगत होता. जोर सगळा होता, आणि वाक्य सगळं खोटं होतं. वहिनी ऐकायच्या, चादर नीट करायच्या, "मग झालं तर" म्हणायच्या. मी घरी परतताना दर वेळी मनात म्हणायचो, ह्या बाईवर एक दिवस आभाळ कोसळणार आहे आणि तिला त्याची चाहूलही नाही.

आमची शेवटची भेट झाली तेव्हा शिवारात भात लोंब्यांवर आलं होतं. मोरेश्वर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी आल्याचं कळल्यावर वळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मीच खाटेच्या पलीकडे, भिंत आणि खाट यांच्या फटीत स्टूल घालून बसलो. तो म्हणाला, "हिला काही कळलं नाही ना अजून?" मी म्हणालो, नाही. "मग ठीक आहे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. एवढं एक काम तरी आपल्याकडून नीट झालं, असा तो चेहरा होता. आणखी थोड्या दिवसांनी डेअरीवर बातमी आली.

त्या दिवशी वहिनी रडल्या नाहीत. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, अजून खरं वाटत नाही त्यांना. मलाही तसंच वाटलं. नदीवर दहावं झालं, पाहुणे गेले, आणि मग मी एकदा संध्याकाळी दहिवलीला गेलो. पुढच्या खोलीत बाकडी भिंतीला लावून ठेवलेली. फळा स्वच्छ. नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या. ओलं खोबरं, मिरच्या मिक्सरच्या भांड्यात घातलेल्या, झाकण लावलेलं, आणि त्या नुसत्या ओट्याशी उभ्या. मी विचारलं, वीज गेलीय का? "नाय, वीज हाय," त्या म्हणाल्या. "वर्गाची वेळ हाय ना. या वेळेला मिक्सर लावत नाय मी. त्यांना आवाज नको असायचा." मग स्वतःशीच कसनुसं हसल्या, पण बटण काही दाबलं नाही. आम्ही तिथंच बसलो, वहिनी पाटावर, मी उंबऱ्यात.

मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. त्यानं हे वहिनींपासून का लपवलं, ते त्यांना कळायला हवं. मी सुरुवात केली, "वहिनी, त्या पनवेलच्या डॉक्टरांनी खरं तर..."

"माहीत हाय मला," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"तवाच कळलं व्हतं. डॉक्टर बोलले ना, ते ॲट ऑल. बाकी काय बोलले ते नाय समजलं. पण भाऊजी, ही भिंत किती जाड हाय असं वाटतं तुमाला? इतकी वर्षं रोज संध्याकाळी इथं भाकऱ्या थापल्या मी. पोरं मोठमोठ्यानं म्हणायची, ॲट ऑल, ॲट ऑल, आणि मग हे मराठीत सांगायचे, अजिबात नाही, मुळीच नाही. मला बाकीचं इंग्रजी नाय येत. पण तेवढं येणारच की."

"मग बोलला का नाहीत त्याला?"

"बाहेर आल्यावर ते बोलले, इतक्यात नाही. मला वाटलं, त्यांना तसं धरून ऱ्हायचंय. मग मी कशी खोडू? खोली रंगवली, ऑपरेशनचं विचारत ऱ्हायले. त्यांना बरं वाटायचं." पदरानं त्यांनी समोरची फरशी पुसली. ती स्वच्छच होती. "रात्री ते जागे असायचे. मी पण जागी असायची. दोघं डोळे मिटून."

मला आठवत होते ते सगळे दिवस. पंख्याकडे बघत काढलेले. मला जिची कीव येत होती ती बाई सगळं जाणून होती, आणि ज्याची कीव तिला येत होती तो तिच्यासाठी खोटं बोलत होता. एका खोलीत, एका खाटेच्या दोन बाजूंना. कुणी एकानं एक वाक्य बोलायचं होतं. साधं, जोर न देता. नाही बोलले, आणि आता बोलायला माणूस नाही. याच्यावर काही उपाय आहे असं कुणी मला सांगू नये. नाही.

मग वहिनींनी मला विचारलं. हे विचारायला त्या माझी वाट बघत असाव्यात, कारण विचारताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुमच्याशी बोलायचे ते सगळं. त्यांना ठावं व्हतं ना, मला समजलंय म्हणून? कधी कधी माझ्याकडं असं बघायचे... मला वाटायचं, समजलंय यांना. तोंडानं बोलत नाय इतकंच. समजलं व्हतं ना?"

मला मोरेश्वरचा शेवटच्या भेटीतला चेहरा आठवला. तो उतरलेला ताण. मला वाटलं, हे सांगितलं तर त्यांना तेवढाच आधार होईल. मी म्हणालो, "नाही वहिनी. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं, तुम्हाला काही कळलेलं नाही. मला विचारलंसुद्धा त्यानं. त्या समाधानात गेला तो."

वहिनींची नजर ओट्यावरच्या मिक्सरकडे गेली. बाहेर रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो, त्यांना जरा बरं वाटेल म्हणून.

"म्हंजे एकटेच होते," त्या म्हणाल्या. "मी होते की वो इथं."